अतिरेक्याला वकील कशाला? – वर्गातल्या एका प्रश्नाच्या निमित्ताने



२६ नोव्हेंबरला आपल्या शाळांमध्ये दोन कार्यक्रम एकाच परिपाठात होतात. आधी संविधान दिन म्हणून उद्देशिकेचं सामूहिक वाचन होतं. मग २६/११ च्या हल्ल्यात गेलेल्यांना श्रद्धांजली. मुलं उद्देशिका तोंडपाठ म्हणतात, कारण ती प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली असते. दोन मिनिटं शांत उभी राहतात, आणि मग रांगेने वर्गात जातात. या दोन कार्यक्रमांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे आपण सहसा सांगत नाही. वेळही नसतो म्हणा.

पण मुलं विचारतात. माझ्या पाचवीच्या वर्गात एकाने विचारलं, "बाई, कसाबला सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं होतं ना बंदूक घेऊन? मग त्याला वकील कशाला दिला?" बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर हाच प्रश्न आपल्या घरांत, चहाच्या टपरीवर आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठी माणसंसुद्धा विचारतात, फक्त जरा जास्त चिडून. म्हणून आज याच विषयावर लिहायचं ठरवलं. दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या, पण ज्याचा खटला अजून चाललेला नाही, अशा माणसाला काही हक्क असतात का? असावेत का? माझं मत आधीच सांगून टाकते : असावेत, आणि सगळ्यात जास्त याच माणसाला असावेत.

आता कसाबपासूनच सुरू करू. साताऱ्याच्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे हातात फक्त लाठी घेऊन गिरगाव चौपाटीला उभे होते. गोळ्या अंगावर घेऊन त्यांनी त्याला धरून ठेवलं, म्हणून तो जिवंत हाती लागला. जिवंत हाती लागला म्हणून खटला चालवता आला. त्याचं वकीलपत्र घ्यायला अनेक वकील तयार नव्हते, तेव्हा न्यायालयाने वकील नेमून दिले. साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने फाशी दिली, २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. म्हणजे गुन्ह्यापासून शेवटापर्यंत चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं फारसं कोणी सांगत नाही. याच खटल्यात कसाबच्या शेजारी आणखी दोन भारतीय आरोपी उभे होते. मुंबईतल्या ठिकाणांचे नकाशे पुरवले, असा त्यांच्यावर आरोप होता. खालच्या न्यायालयाने या दोघांना निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयानेही तेच केलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही. एकाच पिंजऱ्यातल्या तिघांपैकी एकाविरुद्ध पुरावा होता आणि दोघांविरुद्ध तो टिकला नाही. आता सांगा, "अतिरेक्याला वकील कशाला" म्हणून आपण तिघांनाही वकिलाशिवाय निकालात काढलं असतं तर? हा फरक कळायला खटलाच लागतो, दुसरं कुठलं यंत्र अजून निघालेलं नाही.

मी मुलाला उत्तर दिलं ते याच्याच आधाराने. म्हटलं, वर्गात कंपासपेटी हरवली की तुम्ही काय करता? ज्याच्या दप्तरावर सगळ्यांचा संशय असतो त्याचं नाव घेता. मग मी काय करते? आधी त्याला जवळ बोलावून सांगते की तुझं नाव का आलं. मग त्याला बोलू देते. मग दुसऱ्यांना विचारते. यात मी चोराची बाजू घेते का? मुलं म्हणाली, "नाही." एक मुलगी म्हणाली, "पण बाई, कधीकधी पेटी घरीच राहिलेली असते." या मुलीने कायद्याचं पुस्तक बघितलेलंही नाही.

आता जरा कायद्याकडे वळू. फार खोल जात नाही, पण पालकांना एवढं माहीत असायला हवं असं मला वाटतं.

आपल्या संविधानाचं बावीसावं कलम अटकेबद्दल आहे. कोणालाही अटक केली तर त्याला अटकेची कारणं सांगावी लागतात. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. यात 'सज्जन माणसाला' असा शब्द कुठे नाही. 'कोणालाही' आहे. बाबासाहेबांनी हे कलम घटना समितीत सप्टेंबर १९४९ मध्ये मांडलं. त्याआधी जीवित आणि स्वातंत्र्य यांबद्दलचं जे कलम मंजूर झालं होतं, आताचं एकविसावं, ते अनेकांना अपुरं वाटत होतं. कारण 'कायद्याने ठरवलेली पद्धत' एवढंच म्हटलं, तर उद्या संसदेने वाईट पद्धत ठरवली तर काय? ती उणीव थोडीफार भरून काढायला हे कलम आणलं गेलं.

पण त्याच कलमात एक दार उघडं ठेवलेलं आहे, तेही सांगायला हवं. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता. म्हणजे गुन्हा केला म्हणून नव्हे, तर पुढे करेल या भीतीने आत ठेवणं. त्या माणसाला वरचा चोवीस तासांचा आणि वकिलाचा हक्क लागू होत नाही. तीन महिन्यांहून जास्त ठेवायचं असेल तर सल्लागार मंडळाचं मत घ्यावं लागतं, आणि कारणं कळवून त्याला निवेदन देण्याची संधी द्यावी लागते, एवढंच संरक्षण. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली असं वर्षभर ठेवता येतं. आठवीच्या इतिहासात आपण रौलट कायदा शिकवतो. १९१९ चा. विनाचौकशी तुरुंगात टाकण्याचा अधिकार. त्यावर देशभर काय उसळलं, जालियनवाला बागेत काय झालं, हे मुलांना आवाज चढवून सांगतो. स्वतंत्र भारताच्या संविधानातही विनाखटला कैदेला जागा आहे, हे मात्र धडा संपला की राहून जातं.

नागपूरच्या एका प्रकरणाबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण भाषा शिकवणाऱ्या माणसाला ते आवडेल. १९६२ सालचा निकाल आहे, हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. या माणसाला स्थानबद्ध केलं आणि कारणांचा कागद इंग्रजीत हातात दिला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने हिंदीतून, नागरी लिपीत कारणं मागितली. सरकारी उत्तर असं की, कारभाराची भाषा इंग्रजी आहे आणि पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितलंय की. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. कारणं 'कळवणं' म्हणजे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत आणि समजणाऱ्या लिपीत कळवणं. नाहीतर तो त्यावर उत्तर काय देणार? त्याची सुटका झाली. नुकतंच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व प्रकारच्या गुन्ह्यांसाठी सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्या. दहशतवादविरोधी कायद्याखालच्या अटकेत कारणं लेखी द्यायलाच हवीत, हे तर मे २०२४ मध्येच एका निकालात स्पष्ट झालं होतं. मातृभाषेतून शिक्षण हवं म्हणून आपण भाषणं करतो, मातृभाषेतून अटकेचं कारण मिळणं हाही हक्क आहे बरं का!

आता मुख्य कायदा. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध कायदा, १९६७ चा. वर्तमानपत्रात याला यूएपीए म्हणतात. २००४ मध्ये त्यात दहशतवादाची कलमं आली आणि मुंबई हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, तो आणखी कडक झाला. साध्या गुन्ह्यात पोलिसांना साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र दाखल करावं लागतं, नाहीतर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. इथे ही मुदत न्यायालयाच्या परवानगीने १८० दिवसांपर्यंत वाढते. पोलीस कोठडी पंधरा दिवसांऐवजी तीस दिवस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जामीन. पोलिसांचे कागद बघून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की न्यायालय जामीन देऊ शकत नाही. २०१९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की या टप्प्यावर पुराव्याची खोलात छाननी करायची नाही. म्हणजे छाननी खटल्यात होणार, खटला सुरू झालेला नाही, आणि तोवर माणूस आत. माझा आक्षेप नेमका या सांध्यावर आहे.

कायदा कडक असण्याला माझा विरोध नाही. लोकलमधले स्फोट, २६/११, मालेगाव हे सगळं आपण पाहिलंय. बॉम्ब ठेवणाऱ्याला दोन दिवसांत जामीन मिळावा असं कोण म्हणेल? पण कडक कायद्याने सरकारवरही जबाबदारी टाकायला हवी. जामीन बंद करायचा असेल तर खटला लगेच सुरू करा. आपल्याकडे पहिली गोष्ट होते आणि दुसरी होत नाही.

मालेगावचं उदाहरण घ्या. आपल्या नाशिक जिल्ह्यातलं गाव आहे. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार. मशीद आणि कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम तरुणांना अटक केली. मकोका लावला, ज्यात पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. तपास पुढे सीबीआयकडे आणि मग राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला, राष्ट्रीय यंत्रणेने विरोधही केला नाही. त्यातले दोघे दुसऱ्या खटल्यातही आरोपी होते, ते आतच राहिले. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने या सर्वांना आरोपमुक्त केलं. आरोपमुक्त म्हणजे यांच्यावर खटला चालवण्याइतकाही पुरावा नाही. एवढं सांगायला साडेनऊ वर्षे लागली.

त्याच गावात २९ सप्टेंबर २००८ ला पुन्हा स्फोट झाला. सहा जण ठार, शंभराच्या आसपास जखमी. या वेळी हिंदू आरोपींना अटक झाली. त्यात एक साध्वी होत्या, एक लष्करी अधिकारी होते. साध्वींना जामीन मिळाला एप्रिल २०१७ मध्ये, लष्करी अधिकाऱ्यांना ऑगस्ट २०१७ मध्ये. जवळजवळ नऊ वर्षे आत. आणि त्यांच्यावर आरोप निश्चित झाले कधी, तर ऑक्टोबर २०१८ मध्ये. म्हणजे नऊ वर्षे तुरुंगात काढून बाहेर आले तरी खटला सुरूच झालेला नव्हता! ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष सुटले. नुसत्या संशयावर, तो कितीही दाट असला तरी, शिक्षा देता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मृतांच्या नातेवाइकांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केलं आहे.

मी ही दोन्ही उदाहरणं मुद्दाम शेजारी ठेवली. पहिलं वाचून काही जणांना वाईट वाटलं असेल आणि दुसरं वाचून राग आला असेल, काहींचं बरोबर उलट झालं असेल. ज्याला आपण 'आपला' समजतो त्याच्या बाबतीत विनाखटला कैद हा अन्याय वाटतो, आणि 'त्यांचा' असला की "काहीतरी केलं असेल म्हणूनच धरलं ना" हे वाक्य तोंडात येतं. दोन्ही बाजूंची माणसं मी रोज बघते, पालकसभेत एकाच सतरंजीवर बसलेली असतात. बावीसाव्या कलमाला मात्र 'आपला' आणि 'त्यांचा' कळत नाही.

"निर्दोष असेल तर सुटेलच की!" हे दुसरं आवडतं वाक्य. सुटतो, पण किती वर्षांनी? आपण शिक्षक वर्षे इयत्तांमध्ये मोजतो, तशी मोजा. वडिलांना धरलं तेव्हा मुलगी पहिलीत असेल, तर पाच वर्षांनी ते घरी येतील तेव्हा ती सहावीत असेल. नऊ वर्षांनी आले तर दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरून झालेला असेल. या सगळ्या काळात शाळेच्या दाखल्यावर, पालकसभेच्या वहीत, शिष्यवृत्तीच्या अर्जावर वडिलांची सही कोण करतं? वर्गात त्या मुलीला इतर मुलं काय म्हणतात? हे प्रश्न न्यायालयात येत नाहीत, आपल्या वर्गात येतात. आणि सुटल्यावर नुकसानभरपाई? चुकीच्या खटल्यात वर्षे गेलेल्या माणसासाठी कायदा करा अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात केली. तसा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. तो मी टाळणार नाही. "मेलेल्यांच्या हक्कांचं काय? मानवाधिकार फक्त आरोपींनाच का?" हा प्रश्न विचारणाऱ्याला मी दुष्ट समजत नाही. ज्याचं माणूस गेलंय त्याने तो विचारलाच पाहिजे. पण मालेगावकडे पुन्हा बघा. २००६ मध्ये ज्यांची मुलं कब्रस्तानाबाहेर गेली, त्यांना नऊ जणांच्या कैदेतून काय मिळालं? पाच वर्षे वाटलं असेल की गुन्हेगार आत आहेत. मग कळलं की नाहीत. तोवर साक्षीदारांच्या आठवणी पुसट झाल्या, पुरावे जुने झाले. चुकीचा माणूस आत असतो तेवढा सगळा काळ बरोबर माणूस बाहेर फिरत असतो. लवकर आणि नीट चाललेला खटला हा आरोपीइतकाच त्या बापाचाही हक्क आहे. कसाबच्या खटल्यात तो मिळाला. लोकलमधल्या स्फोटांच्या खटल्यात बघा : ११ जुलै २००६ चा गुन्हा, २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा, जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडून बाराही निर्दोष, त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात. एकोणीस वर्षे झाली तरी घरच्यांना सांगता येत नाही की कोणी केलं.

न्यायालयांनी काहीच केलं नाही असं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नजीब प्रकरणात म्हटलं की खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल आणि आरोपीने बराच काळ तुरुंगात काढला असेल, तर यूएपीए असला तरी घटनात्मक न्यायालयं जामीन देऊ शकतात. चांगला निकाल आहे. पण तो सगळ्यांना सारखा लागू होताना दिसत नाही. कोणाला तीन वर्षांनी जामीन, कोणाला पाच वर्षांनीही नाही. फादर स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे असताना ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली. कंपवाताने हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता, म्हणून त्यांनी तळोजा तुरुंगात पाणी प्यायला स्ट्रॉ आणि नळीचा कप मागितला. त्या मागणीवर उत्तर द्यायला यंत्रणेने वीस दिवसांची मुदत घेतली. ५ जुलै २०२१ ला ते गेले, खटला सुरू न होताच. त्यांच्यावरचे आरोप खरे होते की खोटे, ते मी ठरवणार नाही. ते ठरवायलाच तर खटला हवा होता. पण पाणी पिण्याच्या नळीसाठी कुठल्या कायद्यात पुरावा लागतो?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेने जानेवारी २००२ मध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर ग्वांतानामोला तुरुंग उघडला, मुद्दाम आपल्या भूमीबाहेर, म्हणजे आपली न्यायालयं मध्ये येणार नाहीत. सुमारे ७८० माणसं तिथे नेली, बहुतेकांवर कधीच आरोप ठेवला गेला नाही. जून २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की या कैद्यांनाही बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क आहे. सरळ भाषेत : माणूस आमच्यापुढे आणा आणि का धरलाय ते सांगा. आपल्याकडे आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी हाच हक्क नाकारला होता. विरोधातलं एकटं मत न्या. खन्नांचं होतं, आणि त्यासाठी त्यांना पुढे सरन्यायाधीशपद गमवावं लागलं. नंतर ४४ व्या घटनादुरुस्तीने सांगितलं की आणीबाणी असली तरी जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. ज्या हक्कासाठी आपण आणीबाणीतल्या बंदिवानांचे सत्कार करतो, तोच हक्क आजच्या संशयिताने मागितला की आपल्याला खटकतो, हे काही मला समजत नाही.

भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यात दहशतवादाच्या आरोपाखालचे थोडेच, बाकी साधी, बहुतेक गरीब माणसं. त्यामुळे पालकांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवते. घरातल्या किंवा शेजारच्या कोणालाही अटक झाली तर कारण लेखी मागा, तुमच्या भाषेत मागा, आणि चोवीस तास मोजा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात असतं, तुरुंगातल्या कोणालाही तिथून मोफत वकील मिळतो. आरोप कोणताही असो.

आणि शिक्षकमित्रांनो, येत्या २६ नोव्हेंबरला उद्देशिकेनंतर बावीसाव्या कलमाची पहिली दोन उपकलमं वाचून घ्या. मराठीत आहेत, चार-पाच ओळींचीच आहेत. पाचवीच्या मुलांना 'दंडाधिकारी' हा शब्द तेवढा अडेल, तो फळ्यावर लिहून समजावून सांगा. मग मुलं प्रश्न विचारतील. माझ्या वर्गातला पुढचा प्रश्न होता, "बाई, चोवीस तास झाले आणि नाही नेलं तर पोलिसांना कोण पकडतं?" तुमच्या वर्गात काय विचारलं जातं ते मला जरूर कळवा.